इंजिन थंड, एसी बंद, तरी रेडिएटरचा फॅन सतत फिरतो. काय बिघडलं असेल?
आधी चावी काढून बघा, फॅन थांबतो का. सकाळी थंड गाडीत चावी नसतानाही फिरत असेल तर रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच) चिकटलाय. तो उपटा. फॅन थांबला की त्याच नंबरचा दुसरा लावून पाहा; पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा चालतो.

चावी काढल्यावर थांबत असेल तर माझा संशय कूलंट टेम्परेचर सेन्सरवर. त्याची वायर तुटली की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तापमान कळत नाही, आणि इंजिन तापू नये म्हणून तो फॅन मुद्दाम चालूच ठेवतो. स्कॅनर (ईसीयूतली रीडिंग दाखवणारं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत बाहेरच्या हवेइतकं, म्हणजे गोव्यात साधारण २५ ते ३० अंश दिसायला हवं. उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलंय. पण लगेच नवा सेन्सर घेऊ नका! आपल्या खाऱ्या, दमट हवेत, त्यात पावसाळ्यानंतर, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मग पुन्हा रीडिंग घ्या.

रीडिंग बरोबर आलं तर एसीचा प्रेशर स्विच तपासून घ्या.

तोवर फॅनची वायर काढून फिरू नका. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन उकळेल.