वाचकांचे प्रश्न : तुटलेला बोल्ट आणि आत पडलेला तुकडा

प्रश्न : माझ्या ११ वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचा थर्मोस्टॅट मी घरीच बदलत होतो. झाकणाच्या तीन बोल्टांपैकी दोन सहज निघाले. तिसऱ्याचे डोके पाना फिरवताच तुटले आणि ६ मिलिमीटर जाडीचा दांडा सिलिंडर हेडमध्ये अडकला. झाकण काढल्यावर तो साधारण ८ मिलिमीटर बाहेर दिसतो. इझी-आउट (तुटलेल्या बोल्टात पाडलेल्या भोकात बसवून उलट्या दिशेने फिरवायचे हत्यार) आणून तो काढता येईल का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : इझी-आउट तूर्त आणू नये. ६ मिलिमीटरच्या बोल्टात जेमतेम ३ मिलिमीटरचे भोक पाडता येते, म्हणजे त्यात बसणारा इझी-आउटही तितकाच बारीक. आणि तो कठीण केलेल्या पोलादाचा असल्यामुळे पिळ बसताच काडकन तुटतो. आत तुटलेला इझी-आउट साध्या ड्रिलने कापला जात नाही. मग हेड उतरवून वेर्णा किंवा मडकईच्या औद्योगिक वसाहतीत स्पार्क इरोजनचे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कठीण धातू झिजवणारे यंत्र कोणाकडे आहे, याची चौकशी करण्याची वेळ येते.

आपल्याकडे मुरगावच्या किनाऱ्यावरची खारट, दमट हवा आहे. अशा हवेत ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी बोल्टाभोवती ॲल्युमिनियमचा पांढरा गंज धरतो, तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आटे जखडून टाकतो. ज्या जोराने डोके तुटले त्या जोरानेही जो दांडा हलला नाही, तो नुसता अधिक जोर लावून निघणार नाही. आधी ही पकड सैल करावी लागेल.

पहिल्या दिवशी दांड्याच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल घालून टोकावर हलक्या हातोडीने ठोके द्यावेत, रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच करावे. घाई करणाऱ्याचा बोल्ट मुळाशी तुटतो. त्यानंतर तेल स्वच्छ पुसून, बॅटरीची ऋण तार सोडवून, दांडा नव्हे तर त्याच्या भोवतीचे ॲल्युमिनियम हॉट एअर गनने तापवावे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि भोक किंचित मोठे होते. जवळच पेट्रोलच्या नळ्या असतात, म्हणून उघडी ज्योत वापरू नये. गरम असतानाच व्हाइस ग्रिपने (जबडा जागीच घट्ट अडकणाऱ्या पकडीने) घट्ट धरून दांडा आधी थोडा आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडण्याच्या दिशेने, असे पुढे-मागे करत सोडवावा.

एवढे करूनही तो हेडच्या पातळीवर तुटला, तर अनुभवी वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्यावा; पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला नीट चिकटत नाही आणि वेल्डच्या उष्णतेने आटेही सैल होतात. ड्रिल हा शेवटचा मार्ग होय. सेंटर पंचची खूण अचूक मध्यावर करून उलट्या दिशेने कापणारे ड्रिल वापरावे, कारण कधी कधी त्याच्याच ओढीने तुकडा बाहेर येतो. भोक ५ मिलिमीटरहून मोठे करू नये. त्या मापापर्यंत आल्यावर उरलेली पोलादी साल उचकटून आट्यांतून टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवता येतो. भोक तिरके जाऊन ॲल्युमिनियम खाल्ले गेले, तरच हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावे लागते. पाण्याच्या वाटेत आधी कापड कोंबून ठेवावे, नाहीतर किस रेडिएटरपर्यंत जाईल. बसवताना बोल्ट नवेच घ्यावेत आणि गाडीच्या पुस्तिकेतील टॉर्कइतकेच (पिळाच्या जोराइतकेच) आवळावेत.

प्रश्न : स्पार्क प्लगच्या चिनी मातीचा कपचा सिलिंडरमध्ये पडला. स्टार्टर मारला की तो एक्झॉस्टमधून निघून जाईल, असे मेस्त सांगतो. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : स्टार्टर मारू नये. पिस्टन वर असताना त्याच्या आणि हेडच्या मधली फट फार कमी असते. कपचा तिथे चिरडला गेला तर सिलिंडरची भिंत ओरखडते, किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकून व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. चुंबक येथे निरुपयोगी आहे. बाकीचे प्लग काढून क्रँकच्या पुलीला सॉकेट लावावा, हाताने अगदी हळू फिरवत पिस्टन वर आणावा, पण माथ्याच्या थोडा खालीच थांबवावा. मोबाइलला जोडणारा एंडोस्कोप (बारीक तारेच्या टोकाचा कॅमेरा) घालून कपचा पाहावा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी टेपने घट्ट बसवून तो ओढून घ्यावा. प्लगच्या भोकातून हवेचा झोत मात्र मारू नये, कारण उघड्या व्हॉल्व्हमधून कपचा आणखी आत जाऊ शकतो. बाहेर आलेले तुकडे तुटलेल्या प्लगशी जुळवून पाहावेत. एखादा कमी भरला, तर हेड उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.