वाचकांचे प्रश्न: जुनं अँड्रॉइड अ‍ॅप अँटवरून ग्रेडलवर आणताना

या अंकातले सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: एक्लिप्स या जुन्या कोड-संपादकाच्या काळात अँटनं बिल्ड होणारी (म्हणजे कोडपासून बांधली जाणारी) अ‍ॅप्स ग्रेडल या आजच्या बिल्ड-साधनावर कशी न्यायची. उत्तरांमध्ये अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.७.३, ग्रेडल ८.९ आणि जेडीके १७ (जावाची अवजारं) हा संच धरला आहे. हे तिन्ही एकमेकांशी जुळतात. यातला एकच बदलला तर बाकीचे दोन जुळतात का ते आधी पाहा.

दूध संकलन केंद्रांसाठीचं आमचं अ‍ॅप २०१२ साली एक्लिप्समध्ये लिहिलेलं आहे. ते लिहिणारे आता कंपनीत नाहीत. नव्या संगणकावर अँटचा बिल्ड सुरूच होत नाही. सुरुवात कुठून करावी? (सांगली)

अँट पुन्हा उभं करण्यात वेळ घालवू नका. एक्लिप्ससाठीच्या एडीटी या अँड्रॉइड प्लगइनवरचं काम गूगलनं २०१५ अखेर थांबवलं आणि आजच्या एसडीकेमध्ये (अँड्रॉइडच्या विकास-संचात) अँटच्या नियमांचा फोल्डरच येत नाही.

आधी एक ठरवून घ्या. या टप्प्यात फक्त बिल्डची पद्धत बदलायची. टार्गेट एसडीके (अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम लागू व्हायचे तो आकडा), सपोर्ट लायब्ररी, कोटलिन, स्क्रीनचं रूप यातल्या कशालाही हात लावायचा नाही. जुनं आणि नवं एपीके (फोनवर बसणारी फाइल) शेजारी ठेवून ताडता आलं पाहिजे. सगळं एकदम बदललं तर बिघाड कशामुळे झाला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्ले स्टोअरवर शेवटचं चढवलेलं एपीके, कीस्टोअरची (सहीच्या कीची) फाइल आणि ‘अँट.प्रॉपर्टीज’ या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी वेगळ्या जपून ठेवा.

मग फोल्डर हलवा. जुना ‘एसआरसी’ जातो ‘अ‍ॅप/एसआरसी/मेन/जावा’मध्ये. ‘रेस’, ‘अ‍ॅसेट्स’ आणि मॅनिफेस्ट (नाव, परवानग्या वगैरे सांगणारी फाइल) थेट ‘अ‍ॅप/एसआरसी/मेन’खाली येतात. एआयडीएल (प्रक्रियांमधल्या संवादाच्या) फाइली असतील तर त्या ‘मेन/एआयडीएल’मध्ये, पॅकेजचा मार्ग तोच ठेवून. जार फाइली (तयार जावा कोड) ‘अ‍ॅप/लिब्स’मध्ये, नेटिव्ह एसओ फाइली (सी कोडपासून बनलेल्या) ‘मेन/जेएनआयलिब्स’मध्ये. ‘जेन’ आणि ‘बिन’ खुशाल काढून टाका, ते पुन्हा तयार होतात. हे सगळं गिटच्या मूव्ह आज्ञेनं करा आणि त्या कमिटमध्ये कोडची एकही ओळ बदलू नका, म्हणजे फाइलींचा इतिहास तुटत नाही. ‘सोर्स-सेट्स’ लिहून जुनीच मांडणी चालू ठेवता येते, पण ते फक्त दुसरी टीम त्याच कोडवर अजून काम करत असेल तरच करावं.

इथला सगळ्यात फसवा खड्डा म्हणजे जावा फाइलींच्या शेजारी पडलेल्या प्रॉपर्टीज, एक्सएमएल किंवा टेक्स्ट फाइली. एक्लिप्स त्या गुपचूप एपीकेमध्ये भरायचं. ग्रेडल ‘जावा’ फोल्डरमधून फक्त कोड उचलतं. बिल्ड यशस्वी होतो, अ‍ॅप उघडतं आणि ‘गेट-रिसोर्स-अ‍ॅज-स्ट्रीम’ नल देतं, म्हणजे फाइल सापडत नाही. अशा फाइली ‘मेन/रिसोर्सेस’मध्ये त्याच पॅकेज-मार्गानं ठेवा. ‘अ‍ॅसेट्स’ चुकीच्या जागी पडला तरी असंच होतं: बिल्डची तक्रार नसते, पण देवनागरी फॉन्ट तिथून उचलणारं अ‍ॅप उघडताक्षणी ‘फॉन्ट अ‍ॅसेट नॉट फाउंड’ म्हणत कोसळतं.

आता मॉड्यूलची ‘बिल्ड.ग्रेडल’ फाइल. मॅनिफेस्टमधलं पॅकेजचं नाव ‘नेमस्पेस’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन-आयडी’ या दोन्ही ठिकाणी अक्षरशः तेच लिहा आणि मॅनिफेस्टमधून काढा. ‘अ‍ॅप्लिकेशन-आयडी’ एका अक्षरानं बदलला तरी प्ले स्टोअरच्या दृष्टीनं ते वेगळं अ‍ॅप होतं. मिनिमम आणि टार्गेट एसडीके, व्हर्जन कोड, व्हर्जन नेम हेही मॅनिफेस्टमधून इकडे आणा. दोन्हीकडे ठेवलंत तर ग्रेडलमधलं जिंकतं; मग कुणीतरी सवयीनं मॅनिफेस्टमधला आकडा वाढवतो आणि अ‍ॅपचा आकडा जागचा हलत नाही. कोडमध्ये ‘बिल्ड-कॉन्फिग’ किंवा एआयडीएल वापरलं असेल तर ‘बिल्ड-फीचर्स’मध्ये ते उघडून चालू करावं लागतं, कारण प्लगइन ८.० पासून दोन्ही मुळात बंद असतात.

कंपाइल एसडीके (ज्याच्या आधारानं कोड बांधला जातो तो; टार्गेट नव्हे) ३५ ठेवा. त्यामुळे दोन जुन्या गोष्टी अडतील. अपाची एचटीटीपी क्लायंट एपीआय २३ (एपीआय म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) पासून काढून टाकलेला आहे. तात्पुरतं ‘यूज-लायब्ररी’नं ‘ओआरजी.अपाची.एचटीटीपी.लेगसी’ जोडा आणि मॅनिफेस्टमध्येही तीच लायब्ररी ‘रिक्वायर्ड’ फॉल्स ठेवून लिहा. तसंच नोटिफिकेशनची ‘सेट-लेटेस्ट-इव्हेंट-इन्फो’ ही पद्धत त्याच आवृत्तीत गेली. तिथे कोड बदलण्याला पर्याय नाही. ‘फक्त बिल्ड’ या नियमाला एवढा अपवाद करावाच लागतो.

चित्रांच्या बाबतीतही नवी अवजारं कडक आहेत. जेपीईजीला नुसतं पीएनजी असं नाव दिलेलं असेल, किंवा नाइन-पॅच (ताणता येणाऱ्या) चित्राच्या कडेची एक पिक्सेलची चौकट बिघडलेली असेल, तर आता ‘फाइल फेल्ड टू कंपाइल’ अशी चूक येते. चित्र पुन्हा नीट पीएनजी म्हणून साठवा. तपासणी बंद करत बसू नका.

डिबग बिल्ड झाला आणि रिलीज अडला, तर बहुतेक वेळा लिंट (कोडमधल्या चुका शोधणारी तपासणी) अडवत असतं. फार जुन्या टार्गेट एसडीकेवर ते रिलीज थांबवतं. या टप्प्यापुरती ‘एक्सपायर्ड-टार्गेट-एसडीके-व्हर्जन’ ही एकच तपासणी बंद करा. पण एखादं वाक्य फक्त मराठीच्या ‘व्हॅल्यूज-एमआर’मध्ये आहे आणि मूळ ‘व्हॅल्यूज’मध्ये नाही अशी तक्रार आली, तर ती खरी आहे. इंग्रजीवर लावलेल्या फोनवर ते अ‍ॅप तिथेच पडेल.

अँड्रॉइड १४ च्या फोनवर टार्गेट २३ पेक्षा कमी असलेलं अ‍ॅप बसत नाही, अँड्रॉइड १५ वर २४ पेक्षा कमी असलेलं. चाचणीसाठी एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) इन्स्टॉल आज्ञेला ‘बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक’ हा पर्याय द्या. शेवटी ‘एपीके-अ‍ॅनालायझर’च्या ‘कंपेअर’ आज्ञेनं दोन्ही एपीके ताडा. कुठली फाइल गळली आणि कुठली फुगली ते तिथे ओळीनं दिसतं.

स्विच-केसमध्ये आर.आयडी वापरलेल्या प्रत्येक ठिकाणी ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड’ अशी चूक येते. शेकडो जागा आहेत. शिवाय आमच्या लायब्ररी प्रोजेक्टमधली चित्रं अ‍ॅपला सापडत नाहीत. (पुणे)

दोन्हीचं मूळ ‘आर’ वर्गाच्या (चित्रं, बटणं, मजकूर यांना आकडे देणाऱ्या) बदललेल्या स्वभावात आहे. पूर्वी अ‍ॅपच्या ‘आर’मधले आकडे पक्के असत, म्हणून ते केसमध्ये चालायचे. प्लगइन ८.० पासून ते मुळात पक्के नसतात, आणि जावाला केसमध्ये पक्का आकडाच हवा असतो. उपाय म्हणजे स्विचचं इफ-एल्स करणं. अँड्रॉइड स्टुडिओत ‘स्विच’ शब्दावर कर्सर ठेवून ऑल्ट-एंटर दाबलं की तो पर्याय मिळतो. आज लगेच बिल्ड हवा असेल तर ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मध्ये ‘अँड्रॉइड.नॉन-फायनल-रेस-आयडीज’ फॉल्स करा. ही कुबडी आहे, पुढच्या आवृत्त्यांत तिच्यावर विसंबू नका.

चित्रांच्या बाबतीत नडतो तो ‘आर’मधला दुसरा बदल. ‘आर’ आता मॉड्यूलनिहाय झाला आहे. अ‍ॅपच्या ‘आर’मध्ये लायब्ररीच्या वस्तू येत नाहीत, त्या लायब्ररीच्या पॅकेजमधल्या ‘आर’मधून घ्याव्या लागतात. ‘अँड्रॉइड.नॉन-ट्रान्झिटिव्ह-आर-क्लास’ फॉल्स केलं की जुनं वागणं परत येतं. शेकडो जागा असतील तर पहिल्या टप्प्यात ते करायला हरकत नाही.

लायब्ररी प्रोजेक्ट म्हणजे ‘प्रोजेक्ट.प्रॉपर्टीज’मध्ये ‘अँड्रॉइड.लायब्ररी’ ट्रू असलेले फोल्डर. त्यांचं ‘कॉम.अँड्रॉइड.लायब्ररी’ प्लगइन लावलेलं मॉड्यूल करा आणि प्रत्येकात मिनिमम एसडीके आवर्जून लिहा. तो सोडला तर १ धरला जातो. मग मॅनिफेस्ट एकत्र करताना ‘ही लायब्ररी फार जुनी आहे’ असं समजून फोनची स्थिती वाचण्याची आणि स्टोरेजवर लिहिण्याची परवानगी आपोआप घातली जाते. कोणती परवानगी कुठून आली हे ‘अ‍ॅप/बिल्ड/आउटपुट्स/लॉग्ज’मधल्या मॅनिफेस्ट-मर्जर अहवालात लिहिलेलं असतं.

सपोर्ट लायब्ररीची जार बहुधा प्रत्येक प्रोजेक्टच्या ‘लिब्स’मध्ये एकेक असते. ‘डुप्लिकेट क्लास’ दिसलं की सगळीकडची काढा आणि एकच ठेवा.

आमच्या गावी इंटरनेट मंद आहे आणि संगणकाला ८ जीबी रॅम. पहिला बिल्ड तासन्‌तास अडकतो. (अकोला जिल्हा)

रॅपरच्या (ठरलेलं ग्रेडल आपोआप उतरवणाऱ्या छोट्या साधनाच्या) प्रॉपर्टीज फाइलमध्ये ग्रेडलच्या पत्त्याच्या शेवटी ‘ऑल’ असेल तर ‘बिन’ करा. ‘ऑल’मध्ये कागदपत्रं आणि सोर्सही येतो, बिल्डला त्याची गरज नाही. पहिल्यांदा सगळं उतरवणं चुकत नाही, पण ते एकदाच चांगल्या कनेक्शनवर करून घ्या. नंतर ‘ऑफलाइन’ पर्यायानं बिल्ड चालतो. एका संगणकावर भरलेला होम फोल्डरमधला ‘.ग्रेडल’ पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेता येतो.

मेमरीसाठी ‘ओआरजी.ग्रेडल.जेव्हीएमआर्ग्ज’मध्ये कमाल २०४८ एमबी द्या. ४ जीबी दिलीत तर स्टुडिओ, ग्रेडल आणि एम्युलेटर एकमेकांची जागा खातात आणि संगणक डिस्कवर घरघरत बसतो. एम्युलेटर बंद करा, खरा फोन जोडा.

जुन्या सूचना वाचून ‘जेसेंटर’ (लायब्ररी उतरवण्याचं जुनं ठिकाण) लिहिलं असेल तर ते काढा आणि ‘गूगल’ व ‘मेव्हन सेंट्रल’ एवढीच ठेवा. जेसेंटर मार्च २०२१ अखेरपासून नवं काही घेत नाही.

बिल्ड माझ्याकडे होतो, पण सर्व्हरवर किंवा सहकाऱ्याच्या संगणकावर ‘ग्रेडल-रॅपर-मेन’ हा क्लास सापडत नाही. (ठाणे)

तुमच्या गिटच्या दुर्लक्ष-यादीत ‘तारा.जार’ (म्हणजे ‘*.jar’, सगळ्याच जार फाइली) आहे, एक्लिप्सच्या दिवसांपासून. त्यामुळे रॅपरची छोटी जार रिपॉझिटरीत गेलीच नाही. तिला अपवाद करा आणि सक्तीनं भरा. लिनक्स सर्व्हरवर त्यानंतर ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर ‘ग्रेडलडब्ल्यू’ फाइलला गिटमध्येच चालवण्याची मुभा द्या. ‘लोकल.प्रॉपर्टीज’ मात्र यादीतच राहू द्या. त्यात फक्त तुमच्या एसडीकेचा मार्ग असतो.

आमच्या बिलिंग अ‍ॅपमध्ये ब्लूटूथ प्रिंटरची एसओ फाइल आहे, ‘आर्मईएबीआय’ फोल्डरमध्ये. ग्रेडलवर आल्यापासून नव्या फोनवर ‘अनसॅटिस्फाइड-लिंक-एरर’ येतो, जुन्यावर नाही. (मडगाव)

तुमच्या दुसऱ्या एखाद्या लायब्ररीनं ६४ बिटची एसओ सोबत आणली आहे. फोन एपीके बसवताना प्रोसेसरची एकच जात निवडतो. ६४ बिटचं काही दिसलं की तो तेवढंच घेतो आणि प्रिंटरची ३२ बिटची फाइल बाहेर राहते. ती फाइल ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’ फोल्डरमध्ये हलवा आणि ‘एबीआय-फिल्टर्स’मध्ये फक्त तेवढीच जात लिहा, म्हणजे तात्पुरतं चालेल. ‘आर्मईएबीआय’ ही जात एनडीके (सी कोड बांधायचा संच) आर१७ पासूनच गेली आहे.

हा मार्ग ऑफिसातल्या ऑफिसात वाटायच्या अ‍ॅपलाच पुरतो. प्ले स्टोअर ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिट मागतं, आणि पिक्सेल ७ सारखे काही फोन ३२ बिट अ‍ॅप चालवतच नाहीत. नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ वा पुढचं टार्गेट असलेल्या अ‍ॅपची एसओ १६ केबी पानांच्या मेमरीवरही चालावी लागते. सी कोड तुमच्याकडे असेल तर ‘एक्स्टर्नल-नेटिव्ह-बिल्ड’मध्ये जुन्या ‘अँड्रॉइड.एमके’चा मार्ग द्या आणि एनडीके आर२८ नं बांधा. ती जुळणी त्यात आपोआप होते. कोड नसेल तर प्रिंटर विकणाऱ्याकडून नवी एसडीके मागा. तयार फाइल ६४ बिट करून देणारं अवजार नाही.

साइनिंगचं काय? नवी की तयार केली तर चालेल? (लातूर)

नाही. जुनंच कीस्टोअर वापरा. वेगळ्या कीनं सही केलेलं एपीके जुन्यावर अपडेट म्हणून बसत नाही, ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ म्हणून नाकारलं जातं. कीस्टोअरचा मार्ग आणि अलियस (कीचं नाव) ‘अँट.प्रॉपर्टीज’मध्ये ‘की.स्टोअर’ आणि ‘की.अलियस’ या नावांनी सापडतात. ते ‘साइनिंग-कॉन्फिग्ज’मध्ये लिहा. पासवर्ड मात्र बिल्ड फाइलमध्ये नको, होम फोल्डरमधल्या ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मध्ये ठेवा. नंतर ‘एपीके-साइनर’च्या ‘व्हेरिफाय’ आज्ञेनं ‘प्रिंट-सर्ट्स’ देऊन दोन्ही एपीकेंचे एसएचए-२५६ ठसे ताडा.

ग्रेडलच्या बिल्ड फाइली कोणत्या भाषेत लिहू: ग्रूव्ही की कोटलिन स्क्रिप्ट? (छत्रपती संभाजीनगर)

नव्या प्रोजेक्टला कोटलिन. या स्थलांतरात, जुन्या प्रश्नांची उत्तरं शोधताना सापडणारे बहुतेक तुकडे ग्रूव्हीत असल्यामुळे, ग्रूव्ही.

ग्रेडलवर आलो, एपीके जुळलं. आता अपडेट चढवताना टार्गेट जुनं म्हणून प्ले कन्सोल नाकारतं. थेट ३५ करू का? (नाशिक)

३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेटला ३५ लागतं, पण आतल्या चाचणीत पायऱ्यांनीच चढा. २३ वर परवानग्या चालू अ‍ॅपमध्ये मागाव्या लागतात. इथे सर्वांत जास्त कोड बदलतो. २६ वर नोटिफिकेशनला चॅनेल लागतं आणि पार्श्वभूमीतल्या सेवांवर बंधनं येतात. २८ वर साधं एचटीटीपी बंद होतं, आणि केंद्रातल्या सर्व्हरशी बोलणारी बरीच अ‍ॅप्स इथेच गप्प होतात. ३० वर फाइलींचे मोकळे मार्ग संपतात. ३१ वर इंटेंट-फिल्टर असलेल्या प्रत्येक घटकाला ‘एक्सपोर्टेड’ लिहावं लागतं, नाहीतर बिल्डच मोडतो. ३५ वर स्क्रीन कडेपर्यंत पसरते आणि वरची बटणं घड्याळाखाली जातात. प्रत्येक पायरीला वेगळा कमिट करा आणि त्या पायरीच्या अँड्रॉइडच्या फोनवर रोजचं काम (पावती छापणं वगैरे) करून पाहिल्याशिवाय पुढची चढू नका.