दहा अधिक पंचवीस म्हणजे पस्तीस नव्हे

गिरगावच्या एका वाचकांना छपाईत चुकलेल्या नोटा जमवण्याचा छंद आहे. संग्रहात बंद झालेल्या पाचशेच्या 22 आणि हजाराच्या 12, अशा 34 नोटा आहेत. ‘कोणालाही दहा आणि छंदासाठी पंचवीस, म्हणजे पस्तीसपर्यंत चालतं ना? मग विकायला हरकत नसावी,’ असं ते लिहितात. मर्यादा पंचवीसचीच असेल, तर वरच्या नऊ मुलीच्या नावे करू का, अशीही विचारणा आहे. शिवाय व्हॉट्सॲपवरच्या एका गिऱ्हाइकाने ‘रिझर्व्ह बँकेची एनओसी’ म्हणून गेल्या आठवड्यात 4,500 रुपये घेतलेत. या धर्तीची पत्रं बरीच येतात, आकडे तेवढे बदलतात.

नोटाबंदीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो सोडून देतो. सगळं अडलंय ते स्पेसिफाइड बँक नोट्स सेसेशन ऑफ लायबिलिटीज ॲक्ट, 2017 या बंद झालेल्या नोटांबाबतच्या कायद्याच्या कलम 5 वर. हे कलम तीन गोष्टींना बंदी घालतं: अशा नोटा जाणूनबुजून किंवा स्वेच्छेने जवळ बाळगणं, दुसऱ्याला देणं आणि दुसऱ्याकडून घेणं. त्याखालच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, सूट आहे, पण ती फक्त बाळगण्याला. देण्याघेण्याला छंदाच्या नावाखालीही सूट नाही. त्यामुळे 34 मधली एकसुद्धा नोट तुम्ही विकू शकत नाही, मग तिच्यावर दोन ठिकाणी दोन वेगळे क्रमांक पडलेले असोत की मागची बाजू कोरी राहिलेली असो. प्रदर्शनांत अशा नोटा मांडलेल्या दिसतात, हा कोर्टात बचाव होत नाही.

आता आकड्याचं. परंतुकात आधी ‘एकूण दहापेक्षा जास्त नाही’ असं आहे, मग ‘अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपेक्षा जास्त नाही’ असं आहे, आणि दोन्हींच्या मध्ये शब्द आहे ‘किंवा’. तुम्ही तो ‘आणि’ वाचलात. कायदा आठ-नऊ वर्षं इंटरनेटवर फुकट पडलेला असताना तो एकदा उघडून पाहू नये, याचं आश्चर्य वाटतं. तुमची मर्यादा पंचवीस. नऊ नोटा जास्त आहेत.

कलम 7 मध्ये शिक्षा दंडाचीच आहे, तुरुंगाची नाही: दहा हजारांपर्यंत किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपटीपर्यंत, यांत जे जास्त असेल ते. दर्शनी किंमत म्हणजे नोटेवर छापलेली, संग्राहक देतो ती नव्हे. वरच्या नऊ सगळ्या पाचशेच्या धरल्या तर 4,500 ची पाचपट, म्हणजे 22,500. पण मर्यादा ओलांडली की सूटच गेली, म्हणून चौतीसच्या चौतीस नोटा धरा, असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतात. तेव्हा दर्शनी किंमत 23,000 आणि पाचपट 1,15,000. कोणता अर्थ टिकेल हे आज ठामपणे सांगणार नाही. तो वाद आपल्या खर्चाने सोडवून घ्यायची हौस नसावी.

विक्रीत आणखी एक खोच आहे. कायद्याने मना केलेल्या व्यवहाराचा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम 23 खाली रद्दबातल असतो. तुम्ही नोटा दिल्या आणि समोरच्याने पैसे बुडवले, तर वसुलीसाठी एकाही कोर्टाचं दार उघडणार नाही. अशा नोटांच्या मागे लागलेल्या ठगांना हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मुलीला नऊ नोटा देणं म्हणजे बक्षीस, आणि बक्षीस म्हणजेही हस्तांतरण. मृत्युपत्राने किंवा वारशाने त्या गेल्या तर काय, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण तुमचा आजचा प्रश्न तो नाही. पत्नीचा किंवा मुलीचा स्वतःचा वेगळा संग्रह, हा कायदा ज्या तारखेपासून लागू धरला आहे त्या 31 डिसेंबर 2016 पूर्वी, खरोखर असता, तर तिची मर्यादा वेगळी मोजता आली असती. मात्र मागच्या तारखेचं बक्षीसपत्र करून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. स्टॅम्प पेपर कधी विकला गेला याची नोंद असते, आणि खोटा दस्तऐवज बनवणं हा या दंडापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे.

मग करायचं काय? आधी चौतीसही नोटांची नोंदवही करा: मूल्य, मालिकेचं अक्षर, नोटेवरचे दोन्ही क्रमांक, गव्हर्नरची सही, मागच्या बाजूला छापलेलं वर्ष (ते 2005 पासून येतं), छपाईतला दोष, आणि नोट कधी, कुठून मिळाली. पंचवीसची सूट नाणकशास्त्रासाठी आहे, म्हणून संग्रह हा संग्रह दिसला पाहिजे. लागोपाठच्या क्रमांकांच्या निर्दोष नोटांची चवड दाखवून ‘छंद आहे हो’ म्हटलं, तर कोणी ऐकणार नाही. पंचवीस निवडताना दोन क्रमांक न जुळणाऱ्या, कापताना दुमडल्यामुळे कोपऱ्याला जास्तीचा कागद राहिलेल्या आणि एका बाजूची छपाईच सुटलेल्या नोटा ठेवा. शाईचा डाग पडलेल्या किंवा जेमतेम मिलिमीटरभर सरकून कापलेल्या नोटा बाजूला काढा. डाग घरीही पाडता येतो, कड घरीही कापता येते, त्यामुळे अशा नोटांचा खरेपणा सिद्ध करताना तुमचाच घाम निघेल.

बाजूला काढलेल्या नऊ नोटांसाठी फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू डिपार्टमेंटला, म्हणजे नोटांचं काम पाहणाऱ्या विभागाला, स्पीड पोस्टाने अर्ज करा. परंतुकात रिझर्व्ह बँक आणि तिने अधिकार दिलेली व्यक्ती यांनाही सूट आहे. म्हणून दोन पर्याय मागा: मोबदल्याशिवाय जमा करून घ्या, किंवा जास्त नोटा बाळगायला लेखी परवानगी द्या. बँकेचं चलन संग्रहालयही फोर्टातच आहे, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. उत्तर काय येईल याची हमी नाही, पण लपवाछपवी नव्हती हे तरी कागदावर येतं. बदलून पैसे मिळतील ही आशा सोडा. ती मुदत 30 डिसेंबर 2016 ला संपली आणि नंतरची सवलत त्या काळात परदेशी असलेल्यांपुरती होती. कोर्टाकडेही पाहू नका. नोटाबंदीच्या मूळ वादाचा घटनापीठाचा निकाल लागायला 2 जानेवारी 2023 उजाडावा लागला, आणि तोही 4 विरुद्ध 1 असा सरकारच्या बाजूने.

2019 मध्ये दोन नोटा विकल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला सहा महिन्यांत घ्यावी लागते, तेव्हा तो विषय बहुधा संपला. जास्त नोटा बाळगणं मात्र रोज चालू राहणारी गोष्ट आहे, तिथे ही मुदत हाताशी येईल असं धरू नका.

दहा, वीस, पन्नास, शंभरच्या चुकलेल्या नोटा, नव्या मालिकेची करडी पाचशेची आणि दोन हजाराची नोट, यांना हा कायदा लागू नाही. दोन हजाराची नोट 19 मे 2023 ला चलनातून मागे घेण्याचं जाहीर झालं, पण ती अजूनही कायदेशीर चलन आहे. या खुशाल विका, फक्त पावती करा. आणि क्रमांकात तारा असलेली नोट ‘एरर’ म्हणून विकू नका. ती छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी मुद्दाम छापलेली असते.

राहिले ‘एनओसी’चे 4,500. रिझर्व्ह बँक अशा खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही, हे तिने 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर सांगितलं आहे. पैसे गेले त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला हवा होता, तुम्ही आठवडा घालवला. तरी आज करा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रारीत व्यवहार कसला होता हे खोटं लिहू नका. नोटा तुमच्याच कपाटात आहेत, तुम्ही दिलेल्या नाहीत, आणि नुसती बोलणी म्हणजे हस्तांतरण नव्हे. तरीही जबाब देण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा, आणि त्या गिऱ्हाइकाला नोटांचे आणखी फोटो पाठवू नका.