ग्रुप सोडलास ना? मग फोन तू करायचा

प्रिय मित्रा,

रविवारी तू आलास, चहा पार निवेपर्यंत गप्प बसलास आणि मग म्हणालास, "मावशी, सगळे राजगडला जाऊन आले. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही." सगळं ग्रुपवर ठरलं, आणि तू चार महिन्यांपूर्वीच व्हॉट्सॲप काढून टाकलंयस. आता ते परत घ्यावं का, हे मला विचारतोयस.

ते का सोडलंस, हे मला समजावू नकोस. निरोप 2016 पासून कुलूपबंद आहेत, पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणी वाचू शकत नाही, मान्य. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं याची नोंद त्या कुलपाच्या बाहेरच राहते. संपर्कयादी उघडून दिली की तुझ्या आजीचा आणि घरमालकाचा नंबरही त्यांना न विचारता कंपनीकडे जातो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं. 2021 च्या जानेवारीत 'मान्य करा' म्हणत व्हॉट्सॲपचं माहिती मालक कंपनीला देण्याचं नवं धोरण पुढे आलं, तेव्हा मी ॲप काढलं. त्याच धोरणावरून भारताच्या स्पर्धा आयोगाने 2024 मध्ये मेटाला, म्हणजे त्या मालक कंपनीला, 213 कोटींचा दंड केला. ती बातमी मी दोनदा वाचली. माझं चुकलं नव्हतं.

पण ऐक. 2022 च्या पावसाळ्यात माझी हॉस्टेलची मैत्रीण गेली. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो होतो. बातमी बॅचच्या ग्रुपवर आली. मला कळलं तेव्हा तेरावंही उरकलं होतं. मी ग्रुपवर नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून मी कितीतरी दिवस सगळ्यांवर चिडून होते. एकदा तिचा नंबर लावायला घेतला, तर बोटं आपोआप चालली. दहाही आकडे पाठ. आणि दीड वर्षात तो नंबर मी एकदाही फिरवला नव्हता! तीच करेल, म्हणून वाट बघत बसले होते.

लोक म्हणाले, तुझा हट्ट नडला. नाही, ते मी आजही मानत नाही. हट्ट बरोबर होता. मी फोन केला नाही, हे चुकलं. ज्याने ग्रुप सोडला, फोन त्याने करायचा. समोरच्याने नाही.

ऑकवर्ड वाटतं, हल्ली कुणी फोन उचलत नाही, हे मला सांगू नकोस. नाही उचलला तर एसएमएस टाक, संध्याकाळी पुन्हा कर. सिग्नल या दुसऱ्या निरोपांच्या ॲपवर दोघांतिघांना आण हवं तर, पण त्यांना व्याख्यान देऊ नकोस. नाव नोंदवायला मोबाइल नंबर तिथेही लागतोच.

आणखी एक. जुन्या फोनवर तू लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली टाकलीस, गूगलशिवाय चालवतोस, याचं मला खरंच कौतुक आहे. पण त्यावर बँकेचं ॲप उघडत नाही, म्हणून मिसळीचे पैसे दर वेळी मित्रच स्कॅन करून भरतो, हे तूच सांगितलंस. असं नाही चालायचं, बाळा. खिशात रोख ठेव. सुटे नसतील तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात नेऊन दे. मोकळीक तू घेतलीस, तर तिचा खर्च त्याने का सोसायचा? फोनचंही तेच आहे. मोकळीक तुझी, म्हणून फोन तू करायचा.

व्हॉट्सॲप परत घेतलंस तरी मी रागावणार नाही. पण राजगडसाठी घेऊ नकोस. राजगड तुझ्या हातून ॲपमुळे गेला नाही. त्या महिन्यात तू किती जणांना फोन केलास, हे मी विचारलं तेव्हा तू कपाकडे बघत बसलास.

आज मेस सुटली की ज्याच्या बाइकवर मागे बसून तू नेहमी जातोस, त्याला फोन कर. मला का नाही सांगितलंस, असं विचारू नकोस. चोर दरवाजाने चढलात की पाली दरवाजाने, ते विचार. वर पाऊस होता का, विचार.

तुझी,
मावशी