दीड लाख भरू नका, नेटचा फॉर्म भरू द्या

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. मुलगी साताऱ्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला स्टेम सेल वापरून माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांवर संशोधन करायचं आहे. एका खासगी क्लासने स्टेम सेलच्या सहा महिन्यांच्या कोर्सची फी दीड लाख सांगितली. पतसंस्थेतून कर्ज काढू का? आणि पुढे असल्या संशोधनाला पैसे देतं कोण?

उत्तर : दादा, कर्ज काढू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

मुलीने विषय फार चांगला निवडलाय. आपल्या भारतीय उपखंडात साधारण 4 टक्के लोकांच्या एमवायबीपीसी-3 या जनुकात डीएनएची 25 अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे हृदयाचे स्नायू निकामी होण्याचा धोका वाढतो, हे 2009 साली प्रसिद्ध झालं. पण हा दोष असलेल्या सगळ्यांनाच त्रास होत नाही. का होत नाही, हे शोधायचं तर जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा कसा काढणार? जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशी मागे वळवून त्यांच्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, केल्या. 2012 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आता एखाद्याच्या थोड्याशा रक्तापासून त्याच्याच हृदयाच्या पेशी बशीत वाढवता येतात, गळालेली अक्षरं दुरुस्त करून फरकही पाहता येतो.

पण एकदोघांच्या पेशींवरून काही सिद्ध होत नाही, शेकडो माणसं लागतात. ब्रिटनमध्ये वेलकम ट्रस्ट आणि तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशाच एका प्रकल्पाला सुमारे सव्वा कोटी पौंड दिले. 2017 पर्यंत त्यातून 301 निरोगी लोकांच्या 711 पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवता येणारे पेशींचे वाण, तयार झाल्या. या पेशींना जवळजवळ रोज ताजं पोषणद्रव्य लागतं, बरंचसं आयात केलेलं. त्यांच्यापासून हृदयाच्या किंवा मेंदूच्या पेशी घडवायला आठवडे, कधी महिने जातात. एवढा खर्च विद्यार्थ्याच्या बापाने उचलायचा नसतोच.

आपल्याकडे तो मुख्यतः केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि अलीकडे स्थापन झालेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उचलतं. बंगळुरात, एकाच घरात अनेकांना गंभीर मानसिक आजार आहेत अशा कुटुंबांच्या पेशींवर काम चालतं, त्यालाही जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाची 10,000 भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली. फरकांची यादी हाती आली, आता ते फरक पेशीत नेमकं काय करतात हे कुणीतरी शोधायला हवं. तुमची मुलगी वेळेवर येतेय, असं मला मनापासून वाटतं.

हा झाला प्रयोगशाळेचा पैसा. मुलीचा पैसा वेगळा. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडं. परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येतं. जैवतंत्रज्ञान विभागाची जेआरएफ वेगळी. पीएच.डी.ला प्रवेश झाल्यावर बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांपैकी तुम्ही ज्यात बसत असाल तिथेही अर्ज करा.

एका गोष्टीला मात्र जपा. फेलोशिप नसताना प्रोजेक्टवर घेतो असं कुणी म्हणालं, तर तो प्रोजेक्ट किती वर्षं उरलाय ते विचारायचंच. प्रोजेक्ट बहुधा तीन वर्षांचा, पीएच.डी.ला पाच-सहा लागतात. माझ्याकडे आलेला एक गुणी मुलगा याच फटीत अडकला, निधी संपला आणि दीड वर्ष त्याने शिकवण्या घेऊन काढली. फेलोशिपची पहिली रक्कम हातात पडायलाही कधीकधी महिने जातात. त्यासाठी सहा महिन्यांच्या खोलीची आणि मेसची तजवीज मात्र घरातून ठेवा.

कोर्सचं म्हणाल तर पेशी सांभाळायचा हात प्रयोगशाळेतच बसतो, प्रमाणपत्राने नाही. कोर्सपेक्षा तिने संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा शिकावी, स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर ते फुकट शिकता येतं. शेकडो माणसांच्या पेशींतला फरक शेवटी आकड्यांतच दिसतो, आणि बायोटेकची मुलं नेमकी तिथे कच्ची असतात. शेवटच्या सत्राचा प्रबंध करायला पुण्यातल्या एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) किंवा आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) इथे जागा मिळते का पाहावं. दोघातिघा शास्त्रज्ञांचे शोधनिबंध वाचून प्रत्येकाला वेगळी ईमेल लिहावी, दोन परिच्छेदांची, त्यांच्या कामाबद्दल एक खरा प्रश्न विचारणारी. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की उत्तर येत नाही. पहिली ईमेल पाठवण्याआधी तिने मला दाखवली तरी चालेल.