सेटवर कुणी हसत नाही

प्रिय झिला,

सिनेमात चार सीन मिळाले, अभिनंदन. पण फोनवर म्हणालास, "काका, एकटा उभा राहून आख्खं सभागृह हसवतो, चार सीनचं काय टेन्शन?" म्हणून हे लिहायला घेतलं.

टेन्शन घे थोडं. सेटवर कुणी हसत नाही. आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड होत असतो, त्यामुळे लाइटवाल्याला हसू फुटलं तरी तो ओठ दाबून उभा राहतो. तुला पंच टाकून हशा येईपर्यंत थांबायची सवय. ते थांबणं एडिटर कापतो, कधीकधी तुझ्यासकट. समोरचा नट बोलत असताना तू ऐकतोयस की आपल्या वाक्याची वाट बघतोयस, हे कॅमेऱ्याला लगेच कळतं. स्टँडअपमध्ये समोर नटच नसतो, म्हणून तुझी ही बाजू कच्ची. आणि चहाचा कप कुठल्या शब्दावर, कुठल्या हाताने उचललास ते लक्षात ठेव. क्लोजअपला अगदी तस्संच करायचंय. तिथे ऐनवेळी काही नवं सुचलं तर गिळून टाक. जे सुचवायचं ते तालमीत, दिग्दर्शकाच्या कानावर घालून.

यंदा जत्रेत दशावतार बघायला जाशील तेव्हा संकासुराकडे, म्हणजे त्यातल्या विनोदी पात्राकडे, बघू नको. तो हशा घेतोच. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पात्राकडे बघ. लिहिलेले संवाद नाहीत, कथा तेवढी ठरलेली, त्यामुळे नीट ऐकलं नाही तर पुढचं वाक्य येणारच नाही. तुझ्या कामाचं शिक्षण तिथे आहे, तेही फुकट. (मुंबईतल्या वर्कशॉपची फी तू सांगितलीस, त्यात आमच्याकडे छपराचे पत्रे बदलून होतात.)

जॉनी लिव्हर यांचं नाव तू सारखं घेतोस. हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करता करता त्यांना ते नाव पडलं. सुरुवातीचा सिनेमा 'दर्द का रिश्ता' 1982 चा, नाव गाजलं तो 'बाजीगर' 1993 चा. मधली अकरा वर्षं तू मोजत नाहीस. तेव्हा बँकेतली नोकरी एवढ्यात सोडू नको.

मालवणीचं म्हणशील तर ती लपवायचं कारण नाही. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' 1980 पासून त्याच बोलीत हजारो प्रयोग चालवलं. पण हेल काढून बोलणारा, ताडी पिणारा कोकणी गडी एवढंच काम लोक देत राहिले, तर पहिल्यांदा घे, दुसऱ्यांदा विचार करून घे, तिसऱ्यांदा सरळ नाही म्हण. चिडतील दोन दिवस. मग दुसऱ्या कामाला बोलावतील किंवा नाही बोलावणार.

शूटिंगची तारीख कळली की आधी तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढ. शिमग्याच्या आगेमागे असेल तर वेटिंगवर लटकशील आणि मग मला फोन करशील.

तुझो,
काका