तीन अंकी नाटक कापण्याआधी

अरे, १९५०च्या दशकातलं तीन अंकी घरगुती नाटक आज लांब वाटणार म्हणून लगेच कात्री काढू नकोस. आपल्याकडे दशावताराला लोक पहाटेपर्यंत बसतात. कंटाळा लांबीचा नसतो. आधी घड्याळ लावून नुसतं वाचन कर. दुसऱ्या-तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बऱ्याचदा मागचं सगळं पुन्हा सांगितलेलं असतं, बटाटेवडा संपवून उशिरा परतणाऱ्यांसाठी! एकच मध्यंतर ठेवलंस की ती उजळणी बिनदिक्कत काढ.

पण अशा नाटकात आई तांदूळ निवडत गप्प बसलेली असते, ती शांतता काढू नकोस. मालवणच्या प्रयोगात मी काढली होती. शेवटी आई रडली तेव्हा प्रेक्षकांत कुणाचं काही हललंच नाही.

तारेचा प्रसंगही राहू दे. तारसेवा २०१३ साली बंद झाली, पोरांना ठाऊक नाही, म्हणून मोबाईल घुसडू नकोस. दारातली हाक ऐकून सुपातला हात थबकला की कळतं सगळं.

आणि हो, लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. वारसांची लेखी परवानगी कापण्याआधी घे. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतींसारख्या उभ्या करायच्या चौकटी, मात्र पावसाआधी रंगवून घे, नंतर वाळता वाळत नाहीत.